चिठ्ठीवरचे निवाडे : फ्रेंच वाईनच्या परिभाषेचा इतिहास

फ्रेंच वाईनच्या बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव बहुधा नसते. असते ते एखाद्या गावाचे, टेकडीच्या उताराचे, गढीचे किंवा भिंतीने घेरलेल्या शेताचे नाव. त्याखाली जमिनीची प्रतवारी, पिकाचे वर्ष आणि बाटली कोणी भरली याची नोंद असते. ही चिठ्ठी सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी वाचावी लागते. जमीन कोणती, तिचा धनी कोण आणि तिच्यावर बंधने कोणती, हे कळले की आतल्या मालाचा अंदाज येतो. ही परिभाषा कोणा एका पंडिताने किंवा मंडळाने बसून तयार केलेली नाही. मठांचे हिशेब, राजांचे हुकूम, दलालांच्या भावयाद्या, एका किडीचा कहर आणि भेसळीविरुद्ध उसळलेल्या दंगली यांतून दोन हजार वर्षांत एकेक शब्द रुळला. त्यातले बहुतेक शब्द म्हणजे कोणत्या ना कोणत्या वादाचा निवाडा आहे.

वेल, पिंप आणि मठ

इ. स. पू. 600 च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकिया या ग्रीक नगराच्या लोकांनी आजच्या मार्सेयच्या जागी वसाहत केली. द्राक्षाची लागवड आणि वाईनचा व्यापार फ्रान्सच्या भूमीवर रुजला तो तिथून. पुढे इ. स. पू. 118 मध्ये रोमनांनी नार्बोनची वसाहत स्थापली आणि रोन नदीच्या खोऱ्यातून वेल उत्तरेकडे सरकत गेली. इ. स. 92 च्या सुमारास सम्राट डोमिशियनने प्रांतांमधल्या निम्म्या द्राक्षबागा उपटण्याचा हुकूम काढला. तो कितपत पाळला गेला याबद्दल इतिहासकारांना शंका आहे, पण बंदी औपचारिकरीत्या उठली ती सम्राट प्रोबसच्या काळात, 280 च्या सुमारास. ग्रीक आणि रोमन लोक वाईन मातीच्या उभट रांजणांत भरत. फ्रान्सच्या भूमीवरच्या मूळच्या गॉल लोकांकडे लाकडी पिंपे होती. ती गडगडत नेता येत आणि फुटत नसत, म्हणून तिसऱ्या शतकापर्यंत रांजण मागे पडले. ओकच्या पिंपाशी फ्रेंच वाईनचे जडलेले नाते इतके जुने आहे.

रोमन साम्राज्य कोसळल्यावर बागा टिकल्या त्या मुख्यतः चर्चमुळे. प्रार्थनाविधीला वाईन लागे, पाहुण्यांची सरबराई करावी लागे आणि उरलेला माल विकून मठ चालत. मठांपाशी मोठ्या जमिनी होत्या, लिहिता-वाचता येणारी माणसे होती, आणि पिढ्या बदलल्या तरी मालक बदलत नसे. शेतातल्या एका तुकड्याचा माल दुसऱ्यापेक्षा सरस का, हे शंभर-दोनशे वर्षे पाहत राहण्याची सवड फक्त त्यांनाच होती.

याच काळातली एक प्रथा म्हणजे ‘बाँ दे व्हांदांज’. व्हांदांज म्हणजे द्राक्षांची तोडणी आणि बाँ म्हणजे दवंडी. गावाचा सरदार किंवा पंच तोडणीचा दिवस जाहीर करीत आणि त्याआधी कोणालाही घड तोडता येत नसे. कच्ची द्राक्षे तोडून गावाचे नाव खराब होऊ नये, चोरी होऊ नये आणि सरदाराचा हिस्सा चुकू नये, असे तिहेरी कारण त्यामागे होते. बर्गंडीतल्या बोन या गावच्या तोडणीच्या तारखा 1354 पासून हाती लागतात. उन्हाळा कडक असेल तर तोडणी लवकर होते, म्हणून हवामानाच्या इतिहासाचे अभ्यासक या तारखांवरून साडेसहाशे वर्षांच्या तापमानाचा अंदाज बांधतात.

बर्गंडी : जमिनीची प्रतवारी

1098 मध्ये बर्गंडीतल्या सितो येथे सिस्टर्शियन पंथाचा मठ उभा राहिला. या पंथात अंगमेहनतीला प्रार्थनेइतकेच मोल होते. मठाला दानात मिळालेल्या वुजो गावच्या जमिनीभोवती भिक्षूंनी दगडी भिंत घातली. अशा भिंतबंद द्राक्षमळ्याला ‘क्लो’ म्हणतात. सुमारे 50 हेक्टरांचा ‘क्लो द वुजो’ आजही त्याच भिंतीच्या आत आहे. पण भिंत एक असली तरी आतली जमीन एकसारखी नाही. वरच्या अंगाला मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडक आहे, तिथे पाणी थांबत नाही. खालच्या अंगाला, रस्त्यालगत, चिकणमाती जाड आहे आणि पावसाळी वर्षी ती ओल धरून ठेवते.

उताराच्या तुकड्यातुकड्यांतला हा फरक ओळखून प्रत्येकाला वेगळे नाव देण्याची बर्गंडीची रीत आहे. अशा नाव असलेल्या, सीमा ठरलेल्या तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात. काही क्लिमा अर्ध्या हेक्टरापेक्षा लहान आहेत. दिजाँपासून बोनच्या दक्षिणेपर्यंत पसरलेल्या अशा 1,247 क्लिमांची नोंद युनेस्कोने 2015 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत केली. ‘तेरवार’ हा शब्द याच विचाराचे व्यापक रूप आहे. माती, तिच्या खालचा खडक, उताराची दिशा, ऊन, वारा, निचरा आणि तिथल्या माणसांची पिढीजात रीत, हे सगळे मिळून तेरवार होते. सतराव्या-अठराव्या शतकात वाईनला तेरवारची चव आहे असे म्हटले, तर ती गावठी आहे असा त्याचा अर्थ होई. आज तीच सर्वांत मोठी शिफारस समजली जाते.

जमिनीइतकाच वाद द्राक्षाच्या जातीवर झाला. जातीला फ्रेंच शेतकरी ‘सेपाज’ म्हणतात. 1395 मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे ही जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला. गामे भरघोस पीक देते आणि लवकर पिकते. चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर मजुरांची चणचण असताना शेतकऱ्यांना ती सोयीची होती. पण तिच्या वाईनने बर्गंडीचे नाव बुडते, असा ड्यूकचा आक्षेप होता. हुकमात त्याने या वेलीला दुष्ट आणि बेइमान ठरवले आणि पिनो न्वार या नाजूक, कमी पीक देणाऱ्या जातीची बाजू घेतली. गामे दक्षिणेकडे बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर स्थिरावली आणि तिथे तिने स्वतःचे नाव कमावले. आजही बर्गंडीची तांबडी वाईन म्हणजे पिनो न्वार आणि पांढरी म्हणजे शार्दोने, हे इतके गृहीत आहे की चिठ्ठीवर जात लिहिण्याची गरज कोणाला वाटत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीने मठांच्या जमिनी जप्त केल्या आणि लिलावात काढल्या. क्लो द वुजो 1791 मध्ये विकला गेला, तरी जवळजवळ शंभर वर्षे तो अखंड राहिला. 1889 मध्ये तो फुटला आणि आज त्याच्या भिंतीआड सुमारे 80 मालक आहेत. इतर ठिकाणी वाटण्या याहून वेगाने झाल्या, कारण नेपोलियनच्या 1804 च्या दिवाणी संहितेने सर्व अपत्यांना समान वारसा दिला. एकेका कुटुंबाच्या वाट्याला वेलींच्या चार-दोन ओळी येऊ लागल्या. एवढ्या मालाची वेगळी वाईन करून विकणे परवडत नसे. म्हणून ‘नेगोसियाँ’ म्हणजे घाऊक व्यापारी पुढे आला. तो अनेक शेतकऱ्यांकडून द्राक्षे किंवा वाईन विकत घेई, एकत्र करी आणि स्वतःच्या नावाने विके. याउलट स्वतःच्या जमिनीतली द्राक्षे स्वतः पिकवून वाईन करणाऱ्या घराण्याला ‘दोमेन’ म्हणतात. एखादा अख्खा क्लिमा एकाच मालकाकडे असेल तर चिठ्ठीवर ‘मोनोपोल’ असे अभिमानाने छापले जाते. जेमतेम 1.8 हेक्टरांचा रोमाने-काँती हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

नामांकित क्लिमाच्या प्रसिद्धीचा लाभ घेण्यासाठी गावांनी आपली नावेही बदलली. 1847 मध्ये जव्हरे गावाने शांबेर्तँ या क्लिमाचे नाव आपल्यापुढे जोडले आणि ते जव्हरे-शांबेर्तँ झाले. 1879 मध्ये प्युलिन्यी आणि शासान्य या दोन शेजारी गावांनी माँराशे हे एकच नाव वाटून घेतले. त्यामुळे गावाचे नाव आणि क्लिमाचे नाव यांत नवखा माणूस हमखास फसतो. शांबेर्तँ ही सर्वोच्च प्रतीची वाईन, जव्हरे-शांबेर्तँ ही साधी गावाची वाईन. बर्गंडीची उतरंड चार पायऱ्यांची आहे. तळाशी प्रांत, त्यावर गाव, त्यावर ‘प्रम्ये क्र्यू’ आणि शिखरावर ‘ग्राँ क्र्यू’. ग्राँ क्र्यूंची संख्या 33 आहे.

बोर्दो : व्यापाऱ्यांचे बंदर

बर्गंडीची परिभाषा मठांनी घडवली, तर बोर्दोची बंदराने. 1152 मध्ये अ‍ॅक्विटेनची वारस एलेनोर हिने हेन्री प्लांटाजेनेटशी विवाह केला आणि दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला. त्यानंतर तीनशे वर्षे, 1453 च्या कास्तियाँच्या लढाईपर्यंत, बोर्दो इंग्लंडच्या राजांकडे होते. दर हिवाळ्यात पिंपांनी भरलेली गलबते इंग्लंडकडे निघत. फिकट तांबड्या ‘क्लेरे’ वाईनवरून इंग्रजांनी बोर्दोच्या तांबड्या वाईनला क्लॅरेट म्हणायला सुरुवात केली. या व्यापारात चार पिंपांचा मिळून एक ‘तोनो’ धरत. जहाजाची क्षमता किती तोनो माल मावतो यावरून सांगितली जाई आणि जहाजांच्या टनभाराचे माप त्यातूनच आले. एका पिंपाला ‘बारिक’ म्हणतात आणि त्यात 225 लिटर मावतात. बर्गंडीचे पिंप, म्हणजे ‘प्येस’, 228 लिटरचे असते.

बोर्दोच्या व्यापाऱ्यांनी आपला फायदा कायद्याने बांधून घेतला होता. नदीच्या वरच्या भागातली वाईन ठरावीक तारखेपर्यंत, पुढे तर नाताळापर्यंत, बंदरात येऊ दिली जात नसे. तोवर बोर्दोचा माल इंग्लंडला पोहोचून विकला गेलेला असे. ही मक्तेदारी तुर्गो या मंत्र्याने 1776 मध्ये मोडली. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी मेदोकच्या दलदलीचा निचरा केला आणि तिथल्या खडकाळ उंचवट्यांवर नव्या बागा उभ्या राहिल्या. पिंपात गंधक जाळून वाईन टिकवण्याची युक्तीही डच व्यापाऱ्यांनीच पसरवली.

एका विशिष्ट बागेच्या नावाने वाईन विकण्याची कल्पना आर्नो द पाँताक या न्यायाधीशाच्या घराण्याने रूढ केली. त्यांच्या ओ-ब्रियाँ बागेची वाईन लंडनमध्ये त्याच नावाने मिळे. 10 एप्रिल 1663 रोजी सॅम्युएल पेपिसने आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली आहे. 1787 मध्ये थॉमस जेफर्सन बोर्दोला आला तेव्हा त्याने पहिल्या प्रतीच्या म्हणून चार बागा नोंदल्या: मार्गो, ला-तूर, ओ-ब्रियाँ आणि लाफित. म्हणजे ही उतरंड सरकारी शिक्का बसण्याच्या कितीतरी आधी बाजारात पक्की झाली होती.

सरकारी शिक्का बसला तो 1855 मध्ये. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरवले आणि बोर्दोच्या व्यापारी मंडळाला उत्तम वाईनची यादी मागितली गेली. मंडळाने ते काम ‘कुर्तिए’ म्हणजे दलालांवर सोपवले. दलालांनी चाखण्याची स्पर्धा भरवली नाही. त्यांच्या वह्यांत अनेक वर्षांचे भाव होते. ज्या बागेला जास्त भाव मिळत आला ती वर, या न्यायाने त्यांनी मेदोकच्या तांबड्या वाईनच्या पाच प्रती लावल्या. मेदोकबाहेरची एकटी ओ-ब्रियाँ त्यात घेतली, कारण तिचा भाव डावलता येण्याजोगा नव्हता. सोतेर्नच्या गोड वाईनची वेगळी यादी झाली आणि इकेमला सर्वांच्या वर स्वतंत्र स्थान मिळाले. तांबड्या वाईनच्या यादीतला पहिल्या प्रतीचा फेरबदल एकदाच झाला. 1973 मध्ये मुताँ-रोत्शील्ड दुसऱ्या प्रतीतून पहिलीत आली. त्या आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक, पुढचे राष्ट्राध्यक्ष.

बोर्दोत ‘शातो’ म्हणजे बागेसह असलेली मिळकत. 1855 च्या यादीत शातो हे बिरुद मोजक्याच बागांना होते. पुढे ते इतके प्रतिष्ठेचे ठरले की साधे घर असलेल्या बागाही शातो म्हणवू लागल्या. वाईन मात्र पिंपांतून बोर्दोच्या शार्त्राँ धक्क्यावरच्या व्यापाऱ्यांच्या वखारीत जाई आणि तिथे बाटल्यांत भरली जाई. वाटेत कशात काय मिसळले याची खात्री मालकालाही नसे. 1924 मध्ये मुताँचा कारभार पाहणारे तरुण फिलिप द रोत्शील्ड यांनी सगळी वाईन बागेतच बाटलीबंद करण्याचे ठरवले. ‘शातोवर बाटलीबंद’ अशा अर्थाची ओळ चिठ्ठीवर येते ती या चालीमुळे.

इथेच ‘क्र्यू’ या शब्दाचा घोळ उलगडतो. बर्गंडीत क्र्यू म्हणजे जमिनीचा तुकडा, मग मालक कोणी असो. मेदोकमध्ये क्र्यू म्हणजे मिळकत. शातोने शेजारची जमीन विकत घेतली तरी त्याची प्रत तीच राहते. शॅम्पेनमध्ये ग्राँ क्र्यू हे अख्ख्या गावाला लागू होते आणि अशी 17 गावे आहेत. अल्सासमध्ये ते 51 नावाजलेल्या शिवारांना मिळाले आहे. अल्सास 1871 ते 1918 जर्मनीत होते, म्हणून तिथे जर्मन रीतीने चिठ्ठीवर द्राक्षाची जातही लिहितात.

शॅम्पेन : दोषाचे भांडवल

पॅरिसच्या पूर्वेचा शॅम्पेन प्रांत थंड आहे. तिथे हिवाळ्यात रसाचे आंबणे अर्धवट थांबे आणि वसंतात पुन्हा सुरू होई. त्यातून सुटणारे बुडबुडे हा मुळात दोष मानला जाई. ओव्हिले मठाचे कोठारप्रमुख दोम पेरिन्याँ यांनी फेसाळ वाईन शोधली ही दंतकथा आहे. 1668 ते 1715 या त्यांच्या कारकिर्दीत त्यांचा कल बुडबुडे टाळण्याकडेच होता. काळ्या द्राक्षांतून हलक्या दाबाने स्वच्छ रस काढणे आणि वेगवेगळ्या बागांची द्राक्षे योग्य प्रमाणात एकत्र करणे हे त्यांचे खरे काम. या मिश्रणकलेला ‘आसांब्लाज’ म्हणतात. इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत बनणाऱ्या बाटल्या मजबूत होत्या, आणि 1662 मध्येच क्रिस्टोफर मेरेट याने रॉयल सोसायटीपुढे सांगितले होते की साखर घातली की वाईन फेसाळते. फ्रान्समध्ये 1728 च्या राजाज्ञेने बाटलीतून वाहतुकीला परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी रुईनार ही पहिली शॅम्पेन पेढी निघाली.

बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवल्यावर यीस्टचा गाळ तिथेच साठतो. वाईन गढूळ दिसते आणि फेस न घालवता गाळ काढणे अवघड असते. यावरची युक्ती 1816 च्या सुमारास रँसच्या विधवा क्लिको यांच्या तळघरात निघाली. तिरकस भोकांच्या लाकडी फळीत बाटल्या मान खाली करून रोवतात. कामगार दोन्ही हातांनी एकेक बाटली धरून झटक्यात थोडी फिरवतो, किंचित अधिक उभी करतो आणि पुढे सरकतो. काही आठवड्यांत सगळा गाळ बुचापाशी उतरतो. या कामाला ‘रम्युआज’ म्हणतात. नंतर बूच काढले की आतल्या दाबाने गाळ बाहेर फेकला जातो. ही क्रिया म्हणजे ‘देगोर्जमाँ’. रिकामी झालेली जागा वाईन आणि साखरेच्या मिश्रणाने भरतात, ते ‘दोझाज’. ‘ब्रुत’, ‘सेक’, ‘दमी-सेक’ हे शब्द याच साखरेचे प्रमाण सांगतात. ब्रुतमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. ‘सेक’ म्हणजे शब्दशः कोरडी, तरी तिच्यात 17 ते 32 ग्रॅम साखर चालते, कारण ही नावे पडली तेव्हा रशियाच्या बाजारात याहून कितीतरी गोड शॅम्पेन खपत असे.

तळघरातले शब्द

तांबडी आणि पांढरी वाईन यांतला भेद रसाचा नसून सालीचा आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस बिनरंगी असतो. तांबड्या वाईनसाठी मणी सालीसकट मोठ्या हौदात आंबवतात. या मुरण्याच्या काळाला ‘क्युव्हेझाँ’ म्हणतात. आंबताना साली वर येऊन चोथ्याची जाड साय धरते. ती वाळली तर वाईन आंबट होते, म्हणून ती काठीने किंवा पायाने खाली दाबतात, ते ‘पिजाज’. किंवा तळचा रस उपसून तिच्यावर ओततात, तो ‘रमाँताज’. आपोआप निथळलेली वाईन वेगळी आणि चोथा दाबून काढलेली वेगळी ठेवतात. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे आधीच दाबून नुसता रस आंबवतात.

रस आंबून वाईन झाली तरी ती लगेच विकण्याजोगी नसते. पिंपात किंवा टाकीत तिची जी जोपासना होते तिला ‘एल्व्हाज’ म्हणतात, आणि गुरे पाळण्यासाठीही फ्रेंचांचा हाच शब्द आहे. पिंपातून वाईन थोडी थोडी उडून जाते, ती तूट भरणे म्हणजे ‘उइयाज’. गाळ मागे ठेवून दुसऱ्या पिंपात ओतणे म्हणजे ‘सुतिराज’. अंड्याच्या पांढऱ्याने वाईन निवळणे म्हणजे ‘कोलाज’. लुआर नदीच्या मुखाजवळची म्युस्कादे मुद्दाम गाळावरच ठेवतात, तेव्हा चिठ्ठीवर ‘स्युर ली’ असे येते. ज्युरा प्रांतात मात्र उइयाज न करता पिंप अपुरे राहू देतात. वाईनवर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो आणि सहा वर्षे तीन महिन्यांनी ‘व्हँ जोन’ ही पिवळी वाईन तयार होते. ती 62 सेंटिलिटरच्या बुटक्या बाटलीत विकली जाते.

या कामात शास्त्र आले ते एकोणिसाव्या शतकात. रसायनशास्त्रज्ञ आणि नेपोलियनचे मंत्री शाप्ताल यांनी 1801 मध्ये रसात साखर घालून मद्यार्क वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला त्यांच्या नावावरून ‘शाप्तालिझासियाँ’ म्हणतात. तिसऱ्या नेपोलियनने 1863 मध्ये लुई पाश्चर यांना वाईन का बिघडते याचा तपास करायला सांगितले. आर्बोआ या गावी प्रयोग करून त्यांनी दाखवले की वाईन जशी सूक्ष्मजीवांमुळे होते तशीच ती त्यांच्यामुळे नासते. त्यांचा वाईनवरचा ग्रंथ 1866 चा.

भुरी, कीड आणि केवडा

1850 नंतरच्या चाळीस वर्षांत अमेरिकेतून तीन संकटे आली. पहिली भुरी. 1854 चे पीक तिने जवळपास बुडवले, आणि गंधकाची धुरळणी हा तिच्यावर उतारा सापडला. दुसरे संकट फार मोठे होते. 1863 मध्ये रोनकाठच्या ‘गार’ जिल्ह्यात वेली कारण न कळता सुकू लागल्या. 1868 च्या जुलैत माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांचे दोन सहकारी अशी एक बाग पाहायला गेले. मेलेल्या वेलींच्या मुळांवर काहीच दिसत नव्हते. योगायोगाने शेजारची जिवंत वेल खणली गेली, आणि भिंगातून पाहिल्यावर तिच्या मुळांना पिवळसर बारीक किडे डसलेले दिसले. वेल मेली की कीड पुढच्या वेलीवर जाते, म्हणून ती आजवर कोणाला सापडली नव्हती. तिचे नाव फायलोक्सेरा.

सरकारने तीन लाख फ्रँकचे बक्षीस लावले. शेतकऱ्यांनी मुळांशी कार्बन डायसल्फाइड टोचले, सपाट बागा पाण्याखाली बुडवल्या. 1875 मध्ये 8.4 कोटी हेक्टोलिटरच्या आसपास असलेले उत्पादन 1889 मध्ये 2.3 कोटींवर आले. खरा उपाय अमेरिकी वेलीतच होता. तिची मुळे ही कीड सोसतात, म्हणून अमेरिकी खुंटावर फ्रेंच जातीचे कलम बांधायचे. औषधवाले आणि अमेरिकावाले असे दोन तट पडले. बर्गंडीत 1887 पर्यंत अमेरिकी खुंटावर बंदी होती. चुनखडीच्या जमिनीत पहिले खुंट पिवळे पडत, म्हणून पिएर व्हियाला 1887 मध्ये अमेरिकेला गेले आणि टेक्सासचे टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीने चुना सोसणाऱ्या जाती शोधून आले.

कलमांनी बागेचे रूपही पालटले. पूर्वी जुनी वेल जमिनीत दाबून नवी काढत. ‘प्रोव्हिन्याज’ या दाबकलमाने बाग गर्दीने, ओळींविना वाढे. कलमी वेली ओळींत लावाव्या लागल्या आणि त्या ओळींतून आधी घोडा, मग ट्रॅक्टर फिरू लागला.

तिसरे संकट केवड्याचे, 1878 पासूनचे. 1882 च्या शरद ऋतूत मेदोकमधल्या सँ-ज्युलियाँजवळ प्राध्यापक मियार्दे यांना दिसले की सगळीकडे पाने गळली असताना रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडले होते. मियार्दे यांनी प्रयोग करून 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या द्राक्षबागांत फवारले जाणारे बोर्डो मिश्रण ते हेच. तिथला डॉगरिज खुंटही टेक्सासमधल्या रानवेलीचा वंशज आहे.

भेसळ, दंगली आणि अपेलासियाँ

द्राक्षे कमी आणि गिऱ्हाइके तेवढीच, अशा स्थितीत मनुके भिजवून, चोथ्यावर साखरपाणी ओतून वाईन होऊ लागली. 1889 च्या कायद्याने वाईन म्हणजे ताज्या द्राक्षांचे किंवा त्यांच्या रसाचे आंबवण अशी व्याख्या केली. नव्या बागा फळाला आल्या तरी बनावट मालाने भाव पाडले. 1907 मध्ये लांगदॉकचे शेतकरी मार्सलँ आल्बेर या खेड्यातल्या कॅफेवाल्याच्या मागे उभे राहिले. 9 जूनला माँपेलिएत पाच लाखांहून अधिक लोक जमले. नार्बोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली, आणि स्थानिक तरुणांच्या सतराव्या पलटणीने बंड केले. त्यानंतर साखर आणि पाणी मिसळण्यावर कडक निर्बंध आले आणि पिकाची नोंद देणे सक्तीचे झाले.

1905 च्या भेसळविरोधी कायद्यावरून सरकारने प्रांतांच्या सीमा आखायला घेतल्या, तेव्हा भांडणे वाढलीच. 1908 मध्ये शॅम्पेनची हद्द ठरली आणि ओब जिल्हा बाहेर राहिला. 1911 च्या जानेवारीत हद्दीतल्या मार्न जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी बाहेरची वाईन आणणाऱ्या व्यापाऱ्यांची पिंपे फोडली. वसंतात ओबचे शेतकरी रस्त्यावर आले, आणि हद्द रद्द होण्याची चिन्हे दिसताच एप्रिलमध्ये आई गावी वखारी जाळल्या गेल्या. ओबला पूर्ण शॅम्पेन मानले गेले ते 1927 च्या कायद्याने.

नुसती हद्द आखून दर्जा राखला जात नाही, हेही लवकरच कळले. त्याच हद्दीत हलक्या जमिनीवर हलकी जात लावणाऱ्याला नाव वापरता येई. शातोनफ-द्यु-पाप हे चौदाव्या शतकातल्या आव्हिन्याँच्या पोपांच्या नावाने ओळखले जाणारे गाव. तिथले बागाईतदार, वकील आणि पहिल्या महायुद्धातले वैमानिक बॅरन ल र्वा यांनी 1923 मध्ये गावासाठी नियम मांडले: जमीन अशी हवी की तिच्यावर लॅव्हेंडर आणि थाईम उगवावे, जाती ठरलेल्या असाव्यात, मद्यार्क किमान 12.5 टक्के असावा आणि खराब द्राक्षे निवडून काढावीत. याच धर्तीवर सिनेटर जोझेफ काप्यू यांनी पाठपुरावा केला आणि 30 जुलै 1935 च्या हुकमाने ‘अपेलासियाँ दोरिजीन काँत्रोले’, म्हणजे उगमस्थानाच्या नियंत्रित नावाची, व्यवस्था जन्मली. पहिल्या अपेलासियाँ मे 1936 मध्ये जाहीर झाल्या. त्यांत शातोनफ-द्यु-पाप, आर्बोआ, ताव्हेल, कासी आणि माँबाझियाक ही नावे होती.

अपेलासियाँच्या हुकमात सीमा, सेपाज, हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादा, द्राक्षातली किमान साखर आणि छाटणीची पद्धतही सांगितलेली असते. छाटणीची दोन नावे वारंवार येतात. ‘गोब्ले’ म्हणजे आधाराविना वाढवलेली पेल्याच्या आकाराची झुडपी वेल, दक्षिणेच्या वाऱ्यात टिकणारी. ‘ग्युयो’ म्हणजे तारेवर एक किंवा दोन काड्या आडव्या बांधण्याची पद्धत, जिचा प्रसार ज्युल ग्युयो यांनी एकोणिसाव्या शतकात केला. 2009 च्या सुधारणांनंतर अपेलासियाँखाली ‘आयजेपे’ हा सैलसर नियमांचा प्रादेशिक वर्ग आणि तळाशी ‘व्हँ द फ्रान्स’ हा खुला वर्ग आहे.

गावाचे नाव ही तिथल्या सर्व उत्पादकांची सामाईक मालमत्ता आहे आणि बाहेरच्याला ते वापरता येत नाही, हा या व्यवस्थेचा गाभा 1994 च्या जागतिक व्यापार करारात आला. वाईन आणि मद्यांच्या नावांना त्यात इतर मालापेक्षा जास्त संरक्षण मिळाले. या कराराला अनुसरून भारताने 1999 मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा केला. पैठणीपासून गोव्याच्या काजू फेणीपर्यंतची मानांकने त्याच कायद्याखाली नोंदलेली आहेत. ‘नाशिक व्हॅली वाईन’ हे नावही त्यांत आहे आणि शॅम्पेनचेही. म्हणून नाशिकच्या तळघरात बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या, रम्युआज आणि देगोर्जमाँ केलेल्या वाईनला फेसाळ वाईन म्हणता येते, शॅम्पेन म्हणता येत नाही.